प्रत्यक्ष पाहणी

"तुमची भिंत माह्या पायावरून जाते का मॅडम? जाऊ द्या मंग. मी काई हलत नाई."

मी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं. खुंट्या ठोकून झाल्या होत्या, सुतळी ताणली होती, पांढरी रेघ अर्ध्यावर आली होती आणि नेमकी त्या रेघेवर ती बाई उभी होती. पस्तिशीची, काटक, हातात विळा. कापूस वेचायचं सोडून तशीच आली असावी, लुगड्याला बोंडांची पानं चिकटलेली होती.

"बाई, शाळेची आखणी चाललीय. बाजूला व्हा."

"शाळेचीच हाय म्हणून तर उभी हाय."

कडुनिंबाखाली खुर्ची टाकून सरपंच बसले होते. भास्करराव गावंडे. साठीच्या आसपासचे, धिप्पाड, एक गुडघा धरलेला. उठायचा कंटाळा म्हणून तिथूनच ओरडले, "मथुरा, कामात आडवी येऊ नको. मॅडम तालुक्याहून आल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तांड्यावरची मथुरा राठोड. शाळा समितीची उपाध्यक्ष हाय."

"काय हाय मी?" बाईनं विचारलं.

"उपाध्यक्ष."

"कवापासून?"

"दोन वर्सं झाले की."

मथुराबाईंनी विळा कमरेला खोचला. "दोन वर्सं मी उपाध्यक्ष हाय अन् मले आज समजून राहिलं. सही तर तुमचा मानूस घरी येऊन नेते. मले वाटे राशनची हाय."

ठेकेदाराचे दोन मजूर हसले. सरपंच हसले नाहीत.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी पंचवीस वर्षांची होते. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागून पाच महिने झाले होते आणि बेलगव्हाणची शाळा हे माझं पहिलं स्वतंत्र काम. गावातल्या जुन्या शाळेच्या चार खोल्या गळक्या होत्या. नाल्यापलीकडच्या तांड्यावर एका पत्र्याच्या खोलीत वस्तीशाळा भरायची. दोन्ही मिळून सात खोल्यांची एक नवी शाळा मंजूर झाली होती. जागा गावाच्या पश्चिम टोकाला, डांबरी रस्त्याला लागून. ती भास्कररावांच्या वडिलांनी दान दिलेली होती आणि कमानीवर त्यांचं नाव यायचं होतं. सगळं ठरलेलं, कागद पूर्ण. मला फक्त रेघा मारायच्या होत्या.

"बाई, अडचण काय आहे ते सांगा," मी म्हटलं.

"तुमच्या कागदावर आमचा तांडा किती दूर हाय?"

मी नकाशा उलगडून दाखवला. शाळेभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलेलं होतं. गाव आत, तांडा आत, त्याच्या वरच्या अंगाचा पोड म्हणजे कोलामांची वस्तीही जेमतेम आत.

"आठशे मीटर."

"आठशे मीटर म्हंजे किती?"

"दहा मिनिटं."

त्यांनी त्या वर्तुळावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चाला. दहा मिनिटांत तुमाले घरी चहा पाजतो."

मला राग आला होता, पण मजुरांसमोर नाही म्हणणं बरं दिसेना. गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक वानखडे सर तिथेच उभे होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, फार कमी बोलणारा माणूस. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तीस मीटरची टेप आहे ना तुमच्याकडे? घ्या बरोबर. दुसरं टोक मी धरतो."

आम्ही निघालो. मी पुढे, सर मागे, मथुराबाई कडेनं. टेप टाकायची, खूण करायची, उचलायची. लोक दारातून बघत होते. गाव संपलं. नाला आडवा आला. तांडा पलीकडे समोर दिसत होता. पत्रे, एक झेंडा, बांधलेल्या बकऱ्या. नाल्यात नोव्हेंबरातही मांडीपर्यंत पाणी होतं.

"इथून सरळ गेलं तर तुमचे आठशे मीटर," मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी काठावरच्या अर्जुनाच्या झाडाला हात लावला. खोडावर त्यांच्या डोक्याच्याही वर गाळाची रेघ होती. "हे या सालचं पानी. आखाडापासून दसऱ्यापर्यंत इथून कोनी जात नाई. बैल बी जात नाई."

"मग कुठून जाता?"

"पुलावरून."

पूल गावाच्या पूर्वेला, लांब. नाल्याच्या काठानं तिथपर्यंत गेलो, तो ओलांडला आणि पलीकडच्या बैलगाडीच्या वाटेनं पुन्हा मागे तांड्याकडे. मी मोजत होते. पन्नास वेळा टेप टाकून झाली तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटला. साठ. सत्तर. तांड्याच्या पहिल्या घराच्या ओट्याशी ऐंशीवी टेप संपली.

दोन हजार चारशे मीटर.

मथुराबाई आत गेल्या आणि चहा ठेवला. ओट्यावर आठेक वर्षांची एक मुलगी पाटी घेऊन बसली होती. ती उठली, खांबाला टेकवलेली काठी घेतली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. डावा पाय गुडघ्यापासून वाळलेला होता. तांब्यातलं पाणी सांडलं नाही.

"माही जमुना," आतून आवाज आला. "तिसरीत हाय. वस्तीशाळा पन्नास पावलांवर हाय म्हणून हाय. तुमची नवी शाळा झाली का वस्तीशाळा बंद. मंग हिनं रोज ऐंशी टेपा जायाचं अन् ऐंशी टेपा यायाचं."

वानखडे सरांनी पिशवीतून एक वही काढली. गेल्या सहा वर्षांची हजेरी त्यांनी वेगळी उतरवून ठेवली होती. चौथीनंतर तांड्यावरची मुलं गावच्या शाळेत येत. जूनमध्ये नावं, जुलैत फुल्या, ऑगस्टात फुल्या. दिवाळीनंतर मुलगे थोडेफार परतत. मुली नाहीत.

"सर, हे तुम्ही कुणाला दाखवलं नाही?"

"दरवर्षी दाखवतो," ते म्हणाले. "दरवर्षी म्हणतात, जागेची पाहणी झाली की बघू. या वेळी पाहणी झाली असं कागदावर वाचलं. मला वाटलं, कोणीतरी येऊन गेलं असेल आणि माझी भेट चुकली असेल."

मी चहाचा कप खाली ठेवला. तो अर्धाच प्यायले होते.

परत येताना पुलाशी थांबलो. गावाच्या बाजूला, पुलाला लागून एक उंचवट्याचं माळरान होतं. पुरातही कोरडं राहणारं. ग्रामपंचायतीच्याच नावावरचं, क्रीडांगणासाठी राखून ठेवलेलं आणि कधीच क्रीडांगण न झालेलं. तिथून तांडा अकराशे मीटर, पोड साडेबाराशे, गावचा चौक नऊशे. मी तीन वेळा मोजलं.

"मॅडम," मथुराबाई म्हणाल्या, "इथं काऊन नाई?"

त्याच संध्याकाळी मी तालुक्याला जाऊन आमच्या उपअभियंत्यांना भेटले. कुलट साहेब. कडक माणूस, पण ऐकून घेणारा. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला.

"इंगोले, अहवाल गेला आहे. त्यावर ग्रामसभेचा ठराव झाला आहे. आता जागा बदलायची म्हणजे नवा ठराव लागेल, तोही सोमवारच्या आत. नाही आला तर ही शाळा यादीतून निघेल आणि दुसऱ्या गावाला जाईल. समजतंय? तांड्याला मिळणार नाहीच, गावाचीही जाईल."

"शुक्रवारी ग्रामसभा आहे साहेब."

"आणि अहवाल?"

मी टेबलावरची टेप उचलून पिशवीत ठेवली.

"विचार कर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बुधवार. सकाळीच सरपंचांच्या घरी गेले. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, माझं बोलणं पुरं होऊ दिलं आणि मग आवाज न चढवता म्हणाले, "माह्या बापानं ती जागा दिली. मरताना मले म्हणला, शाळा पाहायची राहिली. तुम्ही तीन दिवसांच्या पाहुण्या. शाळा गेली तर गाव तुमाले नाई, मले इचारन."

"भाऊ, तांडाही तुमच्याच ग्रामपंचायतीत आहे."

"हाय. अन् गावातले अठ्ठ्याऐंशी लेकरं बी माह्याच ग्रामपंचायतीत हायेत. आज ते दोनशे पावलं जातात. त्याहीनं नऊशे मीटर कायले चालायचं? सांगा."

खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न रास्त होता.

मी वानखडे सरांच्या वर्गात जाऊन बसले. मथुराबाई आल्या, पोडावरून भीमा आत्राम नावाचे एक म्हातारे आले, गावातली कुसुम गावंडे आली. कुसुम सरपंचांच्या भावकीतलीच, तिची मुलगी सातवीत होती. मी माझे आकडे सांगायला लागले आणि दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की कोणीच ऐकत नाहीये.

मथुराबाईंनीच मला तोडलं. "मॅडम, तुमचे मीटर कोनाले समजत नाई. मले बी नाई समजले. तुमाले बी चालल्यावर समजलं. तर सगळ्याहीले चालवा."

"म्हणजे?"

"ग्रामसभा माळावर घ्या. सर घंटा देतीन. घंटा झाली का ज्यानं त्यानं आपापल्या दारातून निघायचं, लेकरं घेऊन. मंग पाहू."

"आणि शाळा?" कुसुम म्हणाली. "नुसत्या माळाकडं पाहून लोकाहीले काय दिसन?"

"ती मी दाखवते," मी म्हटलं.

सभा माळावर घ्यायला सरपंचांनीही हरकत घेतली नाही. गुरुवारी सकाळपासून आम्ही माळावर शाळा काढली. कागदावर नाही, जमिनीवर, पुऱ्या मापाची. भिंतींच्या जागी फक्की, दारांच्या जागी मोकळी फट, खिडक्यांच्या जागी विटा. बातमी पसरली तशा बायका येत गेल्या. तांड्यावरच्या, पोडावरच्या, दुपारनंतर गावातल्याही. त्या रेघांच्या आत शिरल्या, वर्गात बसून पाहिलं, आणि माझा नमुना आराखडा पार उलटापालटा केला.

"मुतारीचं दार रस्त्याकडं कायले? पोरी जातीन का?" एकीनं विचारलं. दार मागे फिरवलं. मागे फिरवल्यावर दुसरी म्हणाली की मागे शेत आहे, तिथे गडी असतात. शेवटी दोन वर्गांच्या मधल्या बोळात दार काढलं आणि पाण्याची टाकी त्याच्या डोक्यावर घेतली. भीमाबाबा खाली मांडी घालून बसले आणि म्हणाले, "लेकरू खाली बसते. तुमची खिडकी उभ्या मानसाची हाय. त्याले काय दिसन?" खिडक्या फूटभर खाली घेतल्या. जमुना पायऱ्यांच्या जागेशी येऊन थांबली. तिथे मी तीन विटा मांडल्या होत्या. ती काठी कुठे टेकवावी ते शोधत राहिली. मी विटा उचलल्या आणि उतार आखला. नकाशात उतार मागच्या दाराला होता. मी तो पुढच्या दाराला आणला, सगळ्यांसाठी एकच.

त्या दिवशी मी पहिल्यांदा इमारत बांधली असं मला आजही वाटतं, आणि तिथे एकही भिंत नव्हती.

शुक्रवारी दहा वाजता वानखडे सरांनी गावच्या शाळेच्या व्हरांड्यातला रुळाचा तुकडा ठोकला. तांड्यावर त्याच क्षणी कोणीतरी ताट वाजवलं, पोडावर ढोल. मी माळावर घड्याळ घेऊन उभी होते.

पहिलं गाव आलं. बारा मिनिटं. तरणी पोरं पुढे, मग बायका. मग सरपंच, गुडघ्यावर हात ठेवत, घामानं भिजलेले. गाडी घेऊन येता आलं असतं, पण ते चालत आले होते. पंधराव्या मिनिटाला पुलावरून तांडा आला, पिवळ्या-लाल घागऱ्यांची लांब ओळच. त्यांच्या मागोमाग, सतराव्या मिनिटाला पोड. एवढी माणसं त्या माळावर कधी जमली नव्हती. गावातल्या बायका आणि तांड्यावरच्या बायका फक्कीच्या वर्गांत एकमेकींच्या शेजारी बसल्या, कारण बसायला दुसरी जागा नव्हती.

ग्रामसेवक कागद काढू लागले, तेव्हा वानखडे सर म्हणाले, "थांबा. एक विद्यार्थी यायचा आहे."

सगळ्यांनी पुलाकडे पाहिलं. जमुना येत होती. एकटी. मथुराबाईंनी तिला उचलून आणलं नव्हतं; तिनंच नको म्हटलं होतं. चार पावलं टाकायची, थांबायची, काठी पुढे घ्यायची. अडीचशे माणसं बघत होती. पुलाच्या मध्यावर तिला कळलं की सगळे आपल्याकडेच बघतायत. ती लाजली आणि वेग वाढवला. एकोणतीस मिनिटांनी ती उतारावरून आत आली आणि तिसरीच्या वर्गात बसली.

मग भांडण सुरू झालं. गावातला एक जण उठला. "हे तमाशे नोको. आमची पोरं आज घराशेजारी जातात. त्याहीनं चालायचं अन् शाळा हुकली तर जबाबदार कोन?" दुसऱ्यानं त्याला दुजोरा दिला. तांड्यावरून उत्तरं गेली. आवाज चढले. तेव्हा सरपंच उठले आणि त्यांनी एक कागद वर धरला.

"मी काई बोलत नाई. हा सरकारी अहवाल बोलते. जागेची प्रत्यक्ष पाहणी केली. सर्व वस्त्या एक किलोमीटरच्या आत. रस्त्यालगतची जागा सर्वांस सोयीची. खाली सही हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, थोडं दुःखानंच. "मॅडम, सही कोनाची हाय?"

मी उभी राहिले. माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. नवीन माहिती मिळाली, परिस्थिती बदलली, पुनर्विचार आवश्यक. ही सगळी वाक्यं मी तीन रात्री तयार करून ठेवली होती.

"माझी," मी म्हटलं. "अहवाल मी लिहिला. आणि मी आले नव्हते."

कोणीतरी मागून विचारलं, "म्हंजे?"

"म्हणजे मी बेलगव्हाणला आलेच नव्हते. महिनाअखेर होती, सोळा गावांचे अहवाल द्यायचे होते. ऑफिसात बसून नकाशावर कंपास ठेवला, गोल काढला आणि प्रत्यक्ष पाहणी केली असं लिहिलं. त्या गोलात नाला आहे हे मला दिसलं नाही. तुम्ही मागच्या वेळी जो ठराव केलात तो माझ्या खोट्यावर केलात. त्यात सरपंचांची चूक नाही, तुमची नाही. माझी आहे. मंगळवारी मथुराबाईंनी मला चालवलं, तेव्हा मी तुमचं गाव पहिल्यांदा पाहिलं."

ग्रामसेवकांनी मान वर केली आणि हलक्या आवाजात विचारलं, "मॅडम, हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

"घ्या. शब्द न् शब्द."

मी खाली बसले नाही. वाट बघत होते, कोणीतरी शिवी देईल, कोणीतरी हसेल. मथुराबाई माझ्याकडे रोखून पाहत होत्या. मग त्या उठल्या.

"ह्या मॅडमनं लबाडी केली," त्या म्हणाल्या. "अन् तोंडानं सांगतली. मी उपाध्यक्ष हाय, दोन वर्सं मी बी न पाहता सही केली. भाऊ, तुम्ही बी आमच्या घरी मानूस पाठवून सही नेली. तिघाहीचंच चुकलं. आता तिघं बी इथं हाव. पाहून सही करू."

भास्कररावांनी कागद खाली घेतला.

कुसुम गावंडे तेवढ्यात बोलली. ती सभेत कधी बोलली नव्हती, पदर सारखा सावरत होती. "मी गावातली हाय. माही पोरगी सातवीत हाय. आठवीले पंधरा किलोमीटर जा लागते, मी पाठवत नाई. सर म्हणतात, पट वाढला तर इथंच आठवी मिळन. पट वाढन कोनाच्यानं? त्याहीच्या लेकरानं. ते पोहोचले तर माही पोरगी शिकन. अन् नऊशे मीटर म्हणता, तर मी आत्ता चालून आली. माही पोरगी तर धावत आली."

थोडा हशा झाला. मग सरपंचांकडे सगळे पाहायला लागले, कारण शेवटी हात त्यांनाच मागायचे होते. ते फक्कीच्या रेघांपाशी आले. जमुना बसली होती त्या वर्गाच्या कडेनं गेले, आखलेल्या उतारावरून बाहेर पडले आणि पुन्हा आत आले. एक हात गुडघ्यावरच होता.

"पायऱ्या नाई ठेवल्या?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"बरं केलं."

मग ते वळले. "माह्या बापानं जागा दिली होती, शाळेसाठी. नावासाठी नाई. मी नावाले धरून बसलो. हात वर करा ज्याले इथं शाळा पाह्यजे." आणि कोणी काही करायच्या आधी त्यांनी स्वतःचा हात वर केला.

गावातले काही हात शेवटपर्यंत वर गेले नाहीत. अकरा जण विरोधात होते, त्यांची नावं लिहून घेतली, तीही नीट. पण बाकी तो माळ म्हणजे हातांचंच रान झालं होतं. मुलांनीही हात वर केले. ग्रामसेवक म्हणाले, अठराच्या खालचे धरता येत नाहीत. वानखडे सर म्हणाले, धरू नका, पण खाली करा असंही म्हणू नका.

ठरावावर पहिली सही सरपंचांची आणि दुसरी मथुरा गोपा राठोड यांची. ठराव त्यांनी आधी पूर्ण वाचून घेतला, एका शब्दाचा अर्थ विचारला आणि मग सही केली.

सोमवारी मी ठराव आणि इतिवृत्त कुलट साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी माझा जबाब दोनदा वाचला.

"तुला नोटीस द्यावी लागेल."

"हो साहेब."

"सेवापुस्तकात नोंद होईल. पुढे आड येईल."

"हो."

त्यांनी नवीन जागेच्या प्रस्तावावर शिफारस लिहिली. मग म्हणाले, "बाकीच्या पंधरा गावांचं काय?"

"उद्यापासून निघते," मी म्हटलं. "चालत."

त्यातल्या चार शाळांच्या जागा बदलल्या. बढती मला माझ्या बरोबरच्यांच्या तीन वर्षं मागून मिळाली. त्याबद्दल मी कधी कोणाकडे तक्रार केली नाही.

बेलगव्हाणची शाळा पुढच्या जूनमध्ये सुरू झाली. रस्त्याकडेच्या जुन्या जागेवर अंगणवाडी झाली आणि तिच्या दारावर भास्कररावांच्या वडिलांचं नाव लागलं, तो ठराव मथुराबाईंनी मांडला. त्याच वर्षी आठवीही मिळाली. कुसुमची मुलगी त्या वर्गात पहिली बसली.

पण मला आठवतो तो त्या पहिल्याच जुलैचा तिसरा आठवडा. सलग चार दिवस पाऊस होता आणि सकाळी सातला सरपंचांचा फोन आला. "मॅडम, नाला भरून चालला. येऊन पाहा."

इमारत गळाली असणार, नाहीतर पाया खचला. जीप घेऊन निघाले. पुलाखालून गढूळ पाणी धडधडत चाललं होतं, अर्जुनाचं झाड निम्मं पाण्यात होतं. माळावर मात्र चिखलसुद्धा नव्हता. सातही वर्गांची दारं उघडी होती आणि आतून पाढ्यांचा एवढा गलका येत होता की पाण्याचा आवाज मागे पडला.

भास्करराव व्हरांड्यात उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलानं माखलेले, हातात वानखडे सरांची हजेरीची वही.

"काय झालं भाऊ? कुठे गळतंय?"

"गळत नाई." त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "एकशे चौसष्टपैकी एकशे एकसष्ट हायेत. तीन कमी. तिघंही तांड्यावरचे. तिघाहीले ताप हाय, मी आत्ताच घरोघर जाऊन पाहून आलो."